कालप्रवासाच्या मालिका: पहिली थिअरी मांडण्याआधी

खुनाच्या मालिकेत शेवटच्या भागात खुनी सापडतो आणि प्रेक्षक मोकळा होतो. कालप्रवासाच्या मालिकेत तोच माणूस पहिल्या भागात म्हातारा होऊन समोरून चालत गेलेला असतो, आणि आपण त्याच्याकडे बघूनही बघितलेलं नसतं. या मालिकांचे चाहते इतक्या हिरिरीने थिअऱ्या का मांडतात, त्याचं कारण हेच. पुरावा डोळ्यांसमोर असतो, तो पुरावा आहे हे कळायला वेळ लागतो.

नव्याने या नादाला लागलेल्यांची मात्र पंचाईत होते. चर्चेत डोकावलं तर ‘लूप’, ‘टाइमलाइन’, ‘बूटस्ट्रॅप’, ‘फिक्स्ड पॉइंट’ असे शब्द सुटलेले असतात, कुणीतरी बाणांनी भरलेला तक्ता टाकलेला असतो, आणि दोन वाक्यांत तिसऱ्या सीझनचं गुपित फुटून जातं. मग काही जण गप्प बसतात, तर काही घाईघाईने ‘हा म्हणजेच तो’ अशी थिअरी ठोकून देतात आणि पाच मिनिटांत कुणीतरी ती खोडून काढतं.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोण कुणाचा बाप आहे, याचा अंदाज बांधण्याआधी त्या मालिकेत काळ कोणत्या नियमाने चालतो ते ठरवा. बहुतेक थिअऱ्या पडतात त्या हुशारी कमी पडते म्हणून नाही, दुसऱ्या मालिकेचा नियम या मालिकेला लावला जातो म्हणून.

आणि एक इशारा. उदाहरणं दिल्याशिवाय हा विषय समजावता येत नाही, त्यामुळे खाली ‘डार्क’, ‘लॉस्ट’, ‘डॉक्टर हू’, ‘ट्वेल्व्ह मंकीज’ आणि ‘लाइफ ऑन मार्स’ यांतली मोठी गुपितं उघड केलेली आहेत. यातलं काही कोऱ्या मनाने बघायचं असेल, तर आधी ते बघून या. लेख कुठे पळून जात नाही.

पायरी १: संपलेली मालिका घ्या

पहिल्याच वेळी चालू असलेली मालिका घेऊ नका. चालू मालिकेत लेखकांनी काय ठरवलंय हे कुणालाच माहीत नसतं, कधी कधी लेखकांनाही नसतं. संपलेल्या मालिकेत उत्तर कुठेतरी आहे एवढी तरी खात्री असते, आणि स्वतःचा अंदाज तपासून बघता येतो.

सुरुवातीला मी ‘डार्क’ सुचवेन. जर्मन मालिका आहे, बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझ यांनी केलेली. डिसेंबर २०१७ ते जून २०२० या काळात तीन सीझन आले, एकूण २६ भाग. विंडेन नावाचं एक काल्पनिक गाव, चार कुटुंबं आणि ३३ वर्षांच्या अंतराने एकमेकांना जोडलेली वर्षं: १९५३, १९८६, २०१९. मूळ जर्मन आवाज ठेवून सबटायटल्सवर बघा आणि फोन बाजूला ठेवा. एकच पात्र दोन-तीन नट वेगवेगळ्या वयांत साकारतात, त्यामुळे मान खाली गेली की चेहरा हुकतो. लांबी बघून दडपण येत असेल तर कोरियन ‘सिग्नल’ घ्या. २०१६ची मालिका, १६ भाग. ‘लॉस्ट’ ही विमान कोसळून बेटावर अडकलेल्यांची मालिका; तिचे १२१ भाग आहेत, ते नंतरसाठी ठेवा.

बघत असताना एक पथ्य काटेकोर पाळा: पात्राचं नाव शोधपट्टीत टाकू नका. नाव पूर्ण व्हायच्या आत सूचना येते, ‘अमुक हाच तमुक आहे का?’, आणि त्यातच सगळं आलं. नटांची यादी उघडणंही तितकंच घातक. त्यात एकाच पात्रापुढे ‘तरुण’, ‘प्रौढ’, ‘वृद्ध’ अशी तीन नावं दिसली की आठ भाग जपलेलं रहस्य गेलं. ‘डार्क’साठी नेटफ्लिक्सने स्वतःच एक वंशावळीचं पान काढलं होतं. तुम्ही कुठपर्यंत बघितलंय ते आधी विचारायचं आणि पुढचं झाकून ठेवायचं. चाहत्यांनी केलेल्या तक्त्यांना एवढी दयामाया नसते.

पायरी २: काळाचा नियम ओळखा

इथे घाई करू नका, बाकी सगळं यावर उभं आहे.

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, बदलत नाही असा काळ. भूतकाळात गेलात तरी तुम्ही तिथे आधीपासूनच होतात. जे बदलायला गेलात ते तुमच्यामुळेच घडलेलं होतं. ‘लॉस्ट’च्या पाचव्या सीझनमध्ये हे एका वाक्यात सांगितलं जातं: जे घडलं ते घडलं. भौतिकशास्त्रात याच्या जवळ जाणारी कल्पना इगोर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. काळात मागे जाणं शक्य असलं, तरी घटना एकमेकींशी विसंगत होऊ शकत नाहीत, असं ती म्हणते.

दुसरा प्रकार, बदलणारा काळ. ‘सिग्नल’मध्ये रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी एक जुना वॉकीटॉकी सुरू होतो आणि आजचा पोलीस अधिकारी भूतकाळातल्या पोलिसाशी बोलतो. तिकडे काही बदललं की इकडची कागदपत्रं, फोटो, कोण जिवंत आणि कोण मेलेलं, सगळं पालटतं. ‘टाइमलेस’च्या पहिल्याच भागात नायिका मोहिमेवरून घरी येते, तर तिची बहीण जन्मालाच आलेली नसते.

तिसरा प्रकार, फुटणारा काळ. बदल केला की जुना काळ पुसला जात नाही, शेजारी दुसरा फाटा तयार होतो. ‘लोकी’ फाट्यांची भाषा बोलते. ‘स्टाइन्स;गेट’ या जपानी मालिकेत आपण कुठल्या विश्वरेषेवर, म्हणजे काळाच्या कुठल्या फाट्यावर आहोत ते दाखवणारं चक्क एक आकड्यांचं यंत्र असतं. ह्यू एव्हरेटने १९५७मध्ये पुंजभौतिकीसाठी (क्वांटम भौतिकशास्त्रासाठी) मांडलेली अनेक विश्वांची कल्पना अशा वेळी चर्चेत हटकून ओढली जाते. ती ओढायला हरकत नाही, पण मालिकेचा नियम पटकथा ठरवते. शास्त्राच्या पुस्तकात काय आहे हा पुरावा होत नाही.

नियम ओळखायचा कसा? दोन गोष्टी बघा.

पहिली: मालिकेत कुणीतरी भूतकाळ बदलायचा जीव तोडून प्रयत्न करतो, तेव्हा काय होतं? ‘डार्क’च्या दुसऱ्या सीझनमध्ये नोआ आदमवर पिस्तूल रोखतो, चाप ओढतो, गोळी सुटतच नाही. तो प्रसंग थरारासाठी आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे मालिका स्वतःचा कायदा वाचून दाखवतेय. असा प्रसंग दिसला की तिथेच थांबून लिहून ठेवा.

दुसरी: बदल झाल्यावर आठवतं कुणाला? कुणालाच नाही, सगळ्यांना, की फक्त प्रवास करणाऱ्याला? ‘स्टाइन्स;गेट’मध्ये विश्वरेषा बदलली तरी नायकाची स्मृती टिकते, आणि त्याचा सगळा छळ तिथूनच सुरू होतो. आठवणीचा नियम कळला की अर्ध्या थिअऱ्या आपोआप बाद होतात.

इथे एक सापळा आहे. पात्रं नियम सांगतात ते खरं असेलच असं नाही. ‘लॉस्ट’मध्ये डॅनियल फॅरडे हा शास्त्रज्ञ आधी सांगतो की काहीही बदलता येत नाही. मग त्याचं मन पालटतं: माणसं हा समीकरणातला बदलता भाग आहे, आपण विसरलो होतो! तो १९७७मध्ये बदल करायला निघतो आणि त्याला गोळी घालते ती त्याची स्वतःची आई, जिच्या पोटात तेव्हा तोच वाढत असतो. सीझनच्या शेवटी बॉम्ब फुटतो. सहावा सीझन सुरू होतो तर विमान सुखरूप उतरलेलं. फुटलेला काळ! बॉम्बने फाटा पाडला! असं म्हणणाऱ्या चाहत्यांकडे पुराव्यांचा ढीग होता, आणि मालिकाही त्यांना खुणावतच होती. २३ मे २०१०च्या शेवटच्या भागात कळलं की तो फाटा नव्हताच. मेल्यानंतर सगळे एकमेकांना जिथे भेटतात ती जागा होती. म्हणजे पाचव्या सीझनचा नियम शेवटपर्यंत शाबूत राहिला. ज्यांनी नोंदवहीत ‘नियम: बदलत नाही’ असं लिहून त्याच्यावरच जोर दिला होता, ते उत्तराच्या जास्त जवळ होते.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेला (‘डॉक्टर’ हा तिचा कालप्रवासी नायक) मात्र एक नियम लावायच्या भानगडीत पडू नका. २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झालेल्या आणि मध्ये खंड पडून २००५मध्ये पुन्हा आलेल्या मालिकेत लेखक किती बदलले असतील! तिथे काळ सहसा बदलतो, पण काही घटना अढळ असतात, यांनाच ‘फिक्स्ड पॉइंट’ म्हणतात. ज्वालामुखीने पॉम्पेई हे रोमन शहर बेचिराख होणं ही त्यांतली एक. कुठली घटना अढळ, हे बहुतेक वेळा त्या भागाच्या लेखकाच्या सोयीने ठरतं, आणि चाहते ते हसून चालवून घेतात.

पायरी ३: दोन घड्याळांची नोंदवही

कागदाची वही किंवा साधी तक्त्याची फाइल, काहीही चालेल. रकाने चार: कॅलेंडरची तारीख, पात्र आणि त्याचं वय, कुठल्या भागात, आणि कसं कळलं.

पहिले दोन रकाने वेगळे ठेवण्याचं कारण असं की या मालिकांत कॅलेंडर एक सांगतं आणि पात्राचं आयुष्य दुसरंच. ‘डॉक्टर हू’मधली रिव्हर साँग घ्या. २००८च्या भागात डॉक्टर तिला पहिल्यांदा भेटतो, आणि त्याच कथेत ती मरते. त्याच्यासाठी ओळखीची सुरुवात, तिच्यासाठी शेवट. पुढच्या भेटींत ती जवळजवळ उलट्या क्रमाने येते आणि दोघं एकमेकांच्या डायऱ्या जुळवत बसतात. नव्या प्रेक्षकाने नेमकं तेच करायचं. ‘तिला आत्ता हे माहीत असेल का?’ हा प्रश्न कॅलेंडर बघून सुटत नाही, तिच्या आयुष्यातली ही कितवी भेट ते बघावं लागतं.

चौथा रकाना लोक गाळतात, आणि तिथेच फसतात. एखादी गोष्ट आपण पडद्यावर पाहिली, कुणी सांगितली, की आपणच जोडून घेतली? ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘अंदाज’ असे तीनच शिक्के ठेवा. ‘ट्वेल्व्ह मंकीज’मध्ये ‘विटनेस’, म्हणजे पडद्यामागचा सूत्रधार, कोण, हा मोठा प्रश्न. दुसऱ्या सीझनच्या शेवटी सांगितलं जातं की नायक-नायिकेचं येणारं मूल हाच विटनेस. ती माहिती ‘ऐकलं’मधली होती, पण बघणाऱ्यांनी ती ‘पाहिलं’मध्ये टाकली. तिसऱ्या सीझनच्या शेवटी खरी विटनेस दुसरीच कुणी, ऑलिव्हिया, निघाली. या मालिकांत माहिती देणाऱ्यालाही कुणीतरी फसवलेलं असतं, आणि फसवणारा कधी कधी तो स्वतःच असतो, वीस वर्षांनी मोठा.

नात्यांसाठी वेगळं पान ठेवा. ‘डार्क’मध्ये शार्लोट ही एलिझाबेथची आई, आणि एलिझाबेथ ही शार्लोटची आई. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा वंशावळीचं झाड काढणारा प्रत्येक जण पेन्सिल खाली ठेवतो. झाड काढूच नका. नावं गोलात मांडा आणि बाण काढा, म्हणजे बाण परत मूळ नावाशी आला तरी कागद फाडावा लागत नाही.

पायरी ४: खूण की चूक?

कपड्याचा रंग बदलला, घड्याळात वेगळी वेळ दिसली, फोटोत एक माणूस जास्त. ही मुद्दाम ठेवलेली खूण, की चित्रीकरणातला निष्काळजीपणा? या प्रश्नावर चाहत्यांची डोकी सर्वांत जास्त तापतात.

याचं सर्वांत देखणं उदाहरण १ मे २०१०चं. ‘डॉक्टर हू’च्या त्या भागात डॉक्टर आपलं जाकीट शत्रूच्या हातात सोडून निसटतो, आणि नंतर बिनजाकिटाचाच फिरतो. डोळे मिटून बसलेल्या आपल्या सहप्रवासी एमीचा निरोप घेऊन तो जातो. क्षणभराने परत येतो, तिचे हात धरतो, फार हळवं बोलतो, ती सात वर्षांची असताना सांगितलेलं आठव म्हणतो. आणि अंगात जाकीट! काहींनी ढोबळ चूक म्हणून थट्टा केली. काहींनी मात्र तिथेच म्हटलं की हा वेगळा डॉक्टर आहे, पुढून आलेला. आठ आठवड्यांनी, २६ जूनच्या भागात, तो खरंच पुढून आलेला निघाला.

बरोबर ओळखणाऱ्यांनी काय बघितलं होतं? जाकीट एकटं नव्हतं. बोलण्याचा सूर बदलला होता, आणि जे वाक्य आठवायला सांगितलं जात होतं ते तोवर आपण ऐकलेलंच नव्हतं. एकाच क्षणी तीन गोष्टी खटकत असतील तर चूक असण्याची शक्यता फार कमी. खूण एकटी येत नाही, ती सोबत आणते. कॅमेरा त्या वस्तूवर जरुरीपेक्षा जास्त रेंगाळला का, तीच गोष्ट पुन्हा दुसऱ्या भागात आली का, संवादात तिचा ओझरता उल्लेख आहे का, हे तपासा.

उलट बाजूचं उदाहरण ‘क्वांटम लीप’चं. मे १९९३मध्ये मालिका संपली तेव्हा शेवटच्या पाटीवर लिहिलं होतं की डॉक्टर सॅम बेकेट कधीच घरी परतला नाही. नायकाच्या आडनावातलं एक अक्षर त्या पाटीवर गळलं होतं. त्यात हव्या तेवढ्या थिअऱ्या बसवता येतात. ती मुद्रणाची चूक आहे. आजूबाजूला तिला दुजोरा देणारं काहीही नाही, आणि एकट्या चुकीवर इमला बांधला की तो आपल्याच अंगावर येतो.

खूण खरी असली तरी तिचा अर्थ एकच असेल असं नाही. ‘डार्क’मध्ये पहिल्या सीझनपासून तीन पाकळ्यांची एक गाठ जागोजागी दिसते. तीन काळ, १९५३, १९८६ आणि २०१९, असा अर्थ सगळ्यांनी लावला आणि तो चपखल बसलाही. तिसऱ्या सीझनमध्ये दुसरं जग आलं, मग दोन्हींचं मूळ असलेलं तिसरं, आणि गाठ पुन्हा चपखल बसली. एक अर्थ सापडला म्हणून खुणेवर काट मारू नका.

आणि ‘पळवाट’, ‘लेखकाची गफलत’ हे शब्द जपून वापरा. ‘लॉस्ट’मधलं होकायंत्र बघा. रिचर्ड ते २००७मध्ये लॉकला देतो, लॉक काळात मागे फेकला जातो आणि १९५४मध्ये तेच रिचर्डला देतो. मग ते बनवलं कुणी? कुणीच नाही. यालाच चाहते बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स म्हणतात. वस्तू किंवा माहिती गोल फिरत राहते, तिला उगम नसतो. बदल न होणाऱ्या काळात हे नियमाला धरूनच आहे. पचायला जड, पण गफलत नव्हे.

पायरी ५: थिअरी एका वाक्यात, आणि ती कशाने मोडेल तेही

आता मांडा. आधी एका वाक्यात, स्वतःपुरती. वाक्यात ‘कदाचित’, ‘एक प्रकारे’, ‘दुसऱ्या अर्थाने’ असे तीन-तीन शब्द यायला लागले तर थिअरी अजून शिजलेली नाही. मग त्याखाली लिहा: हे खरं असेल तर पुढे काय दिसायला हवं? आणि काय दिसलं तर मी हे सोडून देईन? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तुमच्या हातात थिअरी नाही, नुसती हौस आहे. हौसेत वाईट काही नाही, फक्त तिच्यावरून भांडू नका.

नव्यांची पहिली थिअरी बहुधा ओळखीची असते: हा म्हातारा म्हणजे तोच मुलगा. तिची तपासणी सोपी. वयाचा हिशेब मांडा. जखमांचे व्रण बघा, कारण मेकअप करणारे व्रण विसरत नाहीत. दोघं एकाच ठिकाणी एकाच वेळी दिसले म्हणून थिअरी मोडत नाही, ही या मालिकांची गंमत. ‘डार्क’मध्ये नायक योनास स्वतःच्याच मोठ्या रूपाशी बोलतो आणि पुढे भाजलेल्या चेहऱ्याच्या आदमसमोरही उभा राहतो. तिघेही तोच.

दुसरा लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘सगळे मेलेत’ किंवा ‘सगळं स्वप्न आहे’. या थिअरीपासून मी शक्यतो लांब राहतो. ती काहीही स्पष्ट करू शकते, म्हणून काहीच स्पष्ट करत नाही. अपवाद एकच: मालिकेनेच तो प्रश्न विचारला असेल तर. ‘लाइफ ऑन मार्स’मध्ये २००६चा पोलीस अपघातानंतर १९७३मध्ये जागा होतो, आणि सुरुवातीच्या निवेदनातच विचारतो: मी वेडा झालोय, कोमात आहे, की काळात मागे आलोय? तिथे तिन्ही दारं उघडी ठेवलेली होती. ‘अ‍ॅशेस टू अ‍ॅशेस’ या पुढच्या मालिकेच्या शेवटी २०१०मध्ये कळलं की ते जग मेलेल्या पोलिसांचं, अधांतरी अडकलेलं जग आहे. तिथे हा अंदाज करणं न्याय्य होतं. ‘लॉस्ट’मध्ये तीच थिअरी, की बेट म्हणजे मेल्यानंतरची जागा, पहिल्या सीझनपासून मांडली गेली आणि निर्माते नाही म्हणत राहिले.

पायरी ६: आधी तुमची प्रतिक्रिया, मग इतरांची

भाग संपल्यावर लगेच दुसऱ्यांचं वाचू नका. पाच ओळी लिहा: काय खटकलं, काय आवडलं, आता काय होईल असं वाटतं. दुसऱ्याची हुशार थिअरी एकदा वाचली की ती आपल्यालाच सुचली होती असं वाटायला लागतं, आणि आपला खरा अंदाज कायमचा हरवतो.

आठवड्याला एक भाग आणि सगळा सीझन एकदम, यांत चर्चेची जातच बदलते. आठवड्याच्या मालिकेत सात दिवस तक्ते काढायला मिळतात. जाकिटाची चर्चा आठ आठवडे टिकली ती त्यामुळेच. एकदम आलेल्या सीझनमध्ये वेगात बघणारे पुढे निघून जातात आणि मागचे कानात बोटं घालून बसतात. ‘डार्क’ने दुसऱ्या सीझनमध्ये जगबुडीची तारीख २७ जून २०२० दिली आणि तिसरा सीझन नेमका त्याच तारखेला आणला. चाहत्यांना आनंदाचं भरतं आलं, पण सगळे भाग एकदम हाती पडल्याने शेवट लगोलग फुटायला लागला. सीझन एकदम आला असेल तर रोज दोन भाग असं स्वतःला बांधून घ्या, आणि तसंच बघणारा एखादा सोबती गाठा.

मांडताना काही साधे संकेत पाळा. सुरुवातीलाच लिहा: अमुक सीझन, अमुक भागापर्यंतचं उघड केलं आहे. शीर्षकात नाव आणि गुपित एकत्र नको. ‘अमक्याच्या मृत्यूचा अर्थ’ हे शीर्षक वाचणाऱ्याला सगळंच सांगून जातं. नव्या प्रेक्षकाने चुकीची थिअरी मांडली तर ‘हाहा, बघ पुढे’ म्हणू नका. त्या तीन शब्दांतही थिअरी चुकली हे कळतंच, आणि बरोबर असेल तेव्हा तुम्ही गप्प बसलात तर तेही कळतं. उत्तरच द्यायचं तर ‘कशावरून वाटलं?’ एवढं विचारा.

पुस्तकावर बेतलेली मालिका असेल तर वाचलेल्यांनी फारच जपावं. ‘आउटलँडर’च्या पहिल्या भागात पावसात एक स्कॉटिश वेशातला पुरुष नायिका क्लेअरच्या खिडकीकडे बघत उभा दिसतो आणि नाहीसा होतो. तो कोण, कुठल्या काळातला, यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे, आणि मूळ लेखिका डायना गॅबल्डन यांनी त्याचा उलगडा शेवटच्या पुस्तकाच्या शेवटी होईल असं सांगून ठेवलंय. अशा वेळी ‘पुस्तकात असं आहे’ हा डाव हाती असला तरी तो वेगळ्या चर्चेत टाकावा. पडद्यावरून विचार करणाऱ्याचा खेळ कशाला मोडायचा?

थिअरी चुकली म्हणून लेखकांना किंवा नटांना शिव्या पाठवणारेही दिसतील. त्यांच्या नादी लागू नका, एवढंच.

पायरी ७: शेवट पटला नाही तर

तो बऱ्याचदा पटणार नाही. काळाचा गुंता बांधायला जितका सोपा तितकाच सोडवायला कठीण, आणि चाहत्यांनी वाटेत लेखकांपेक्षा सुबक उत्तरं शोधलेली असतात.

रागावण्याआधी शेवटचा प्रसंग पुन्हा ऐका. नुसता बघू नका, संवाद ऐका. ‘लॉस्ट’ संपली तेव्हा श्रेयनामावलीवर निर्जन किनाऱ्यावरचे विमानाचे अवशेष दाखवले गेले, आणि कितीतरी प्रेक्षकांनी निष्कर्ष काढला की सगळे पहिल्याच अपघातात मेले होते. ती दृश्यं कथेचा भाग नव्हती, वाहिनीने शेवट आणि पुढचा कार्यक्रम यांच्यात थोडी उसंत म्हणून टाकली होती. त्याच्या काही मिनिटं आधी एक पात्र स्पष्ट सांगतं की जे घडलं ते खरं होतं, आणि कुणी आधी मेलं, कुणी खूप नंतर. तरीही तो गैरसमज आजतागायत फिरतोय. तुम्हाला कुणी ‘लॉस्टमध्ये शेवटी सगळे मेलेलेच होते ना?’ म्हणालं, तर काय सांगायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

पटला नाही म्हणून आवाज उठवणंही चालतं. ‘टाइमलेस’ मे २०१७मध्ये बंद केली गेली, चाहते उसळले, आणि काही दिवसांतच निर्णय फिरला. पुढच्या वर्षी ती पुन्हा बंद झाली, पण डिसेंबर २०१८मध्ये दोन भागांचा समारोप मिळाला. अर्धवट लटकलेल्या मालिकांच्या मानाने हे भाग्यच म्हणायचं.

आणि मग पुन्हा पहिल्यापासून बघा. ही पायरी गाळणाऱ्यांची मला कीव येते, कारण अर्धी मजा तिथे आहे. ‘डार्क’च्या सुरुवातीला एक पाकीट आहे, त्यावर लिहिलंय की ४ नोव्हेंबर, रात्री १० वाजून १३ मिनिटांआधी उघडू नये. पहिल्यांदा बघताना ते नुसतं गूढ वाटतं. दुसऱ्यांदा बघताना कळतं की लिहिणारा योनासचा बाप आहे, तोच हरवणारा मुलगाही आहे, आणि ती वेळ त्याच्या स्वतःच्या नाहीसं होण्याची आहे. वहीतले ‘अंदाज’चे शिक्के या फेरीत खोडत चला. किती बरोबर आले याला फार महत्त्व नाही, कुठल्या प्रकारच्या खुणा आपल्याला दिसतच नाहीत ते बघा. कुणाला चेहरे दिसत नाहीत, कुणाला तारखा, कुणाला ओझरती वाक्यं. पुढच्या मालिकेत तिथेच लक्ष ठेवायचं.

पुढची कुठली? ‘डार्क’नंतर लगेच तसलीच न बदलणाऱ्या, गोल फिरणाऱ्या काळाची मालिका घेऊ नका, सगळीकडे लूपच दिसायला लागतील. ‘सिग्नल’ घ्या, काळ बदलतो तेव्हा वही कशी कोलमडते ते अनुभवा. मग ‘स्टाइन्स;गेट’. तिचे सुरुवातीचे भाग संथ आहेत, तिथेच सोडून देऊ नका. ‘डॉक्टर हू’ शेवटी ठेवा, आणि १९६३पासून नव्हे, २००५पासून सुरू करा. तिच्यासाठी वही घ्यायचीही गरज नाही.